अंबाडी दोन दिवस जास्त भिजली

गडचिरोलीला निघताना पिशवीत काय काय भरलं होतं ते आधी सांगते, म्हणजे मी किती भित्री आहे ते वेगळं सांगायला नको. तापाच्या गोळ्या दोन पाकिटं. दोन बॅटऱ्या, एक बिघडली तर दुसरी. आधार आणि रेशनकार्डाच्या तीन-तीन झेरॉक्स. आठ दिवस पुरेल एवढा चिवडा. आणि एक शिट्टी. वाघ दिसला तर वाजवायची, असं शेजारच्या सुशीलानं सांगितलं होतं. शिट्टी ऐकून वाघ काय करतो, हे तिलाही ठाऊक नव्हतं आणि मीही विचारलं नाही.

जायचं कारण हत्ती. जंगलातला नव्हे, क्रोशाचा.

आमच्या इचलकरंजीत आम्ही अकरा जणी मिळून लहान मुलांची टोपडी, मोजे, खेळणी विणतो. पुण्याच्या एका बालवाडीच्या बाईंनी चाळीस हत्ती सांगितले. नमुना बघायला त्या स्वतः आल्या, आमच्या लोकरीचा एक धागा घेतला आणि काडी ओढून पेटवला. धागा जळून राख झाला नाही. तो वितळला आणि टोकाला काळा, टणक मणी झाला.

"हे प्लास्टिक आहे, मावशी," त्या म्हणाल्या. "मुलं दिवसभर हत्तीचा कान चोखतात. मला झाडापासून झालेला धागा हवा. आणि मऊ."

वीस वर्षं मी ज्याला लोकर म्हणत होते, त्याचा मेंढीशी काही संबंध नव्हता. किती बाळांच्या डोक्यावर मी प्लास्टिक घातलं असेल, याचा हिशोब मनात सुरू झाला. आणि घाबरले की माझ्या तोंडून भलतंच निघतं, तसं निघालं, "आहे की आमच्याकडं तसला धागा."

नव्हता. पण त्याच संध्याकाळी मी दहा जणींना सांगून मोकळी झाले, उद्यापासून प्लास्टिकची लोकर बंद. मला वाटलं भांडतील. त्यांनी खरंच बंद केली. मग मी कापसाच्या सुताचा हत्ती केला, तर दोन धुण्यांत त्याची सोंड लोळागोळा. घायपाताचा केला, तर तो भांडी घासायच्या कामाचा. महिनाअखेर नमुना द्यायचा होता. नाही जमलं तर बाई दुसरीकडं जाणार, आमच्या बायका परत त्या वितळणाऱ्या धाग्याकडं जाणार, आणि मी? मी सातवीतनं शाळा सोडलेली बाई, मला दुसरं काय येतं?

तेव्हा फोनवरच्या आमच्या विणकामाच्या ग्रुपमधून माजरीच्या वंदनाताईंचा आवाज आला. "ताई, आमच्या इकडं अंबाडीचा वाख काढतेत. गडचिरोलीच्या तिकडं माह्या ओळखीची सोमाबाई हाय. इकडं येऊन जा."

अंबाडी! जन्मभर मी त्या अंबाडीची भाजी लसणाची फोडणी देऊन खाल्ली आणि काड्या टाकून दिल्या. त्या काड्यांच्या सालीतून धागा निघतो, हे मला साडेआठशे किलोमीटरवरच्या बाईनं सांगावं लागलं.

माजरी

वंदनाताईंचे मालक कोळशाच्या खाणीत कामाला. घर दोन खोल्यांचं, समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्यापुढं ताजी फुलं. वंदनाताईंना मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते, आणि त्या मला मोठी बहीण माहेरी आल्यासारखं वागवत होत्या. मला अशा वेळी काय करावं कळत नाही. मी पाण्याला थँक्यू म्हटलं, चहाला म्हटलं, पाटाला म्हटलं. शेवटी त्या म्हणाल्या, "ताई, एवढं थँक्यू म्हणान तं जेवाले कधी बसान?"

लाखोळीच्या डाळीचं वरण, भात, जवसाची चटणी. आमच्याकडं भाकरीशिवाय जेवण झालं असं वाटत नाही, इथं भाताशिवाय. मी तिसऱ्यांदा भात घेतला तेव्हा दोघं खूश झाली.

आता माझा उद्योग ऐका. सोबत मी घरून कापसाच्या पांढऱ्या सुताच्या दोन लडी आणल्या होत्या. प्रवासात एकीवर चहा सांडला होता. सकाळी वंदनाताई आंघोळीला गेल्या तेव्हा आपण रिकामं कशाला बसायचं, म्हणून ती लड स्वच्छ धुतली आणि अंगणात दोरीवर वाळत घातली. दुपारी बघते तर पावसाळी ढगाच्या रंगाची झालेली. झटकली तर हात काळे.

"अवो, इथी पांढरं कोणी दोरीवर टाकत नाई!" वंदनाताईंनी कपाळाला हात लावला. "मले काऊन नाई विचारलं?"

त्यांचे मालक हसून म्हणाले, "ताई, आमी पांढरा शर्ट फक्त लग्नाले घालतो. तेही दुसऱ्या गावच्या."

ती लड मी तिथंच ठेवून आले. तिची पायपुसणी झाली असं नंतर कळलं. चांगली झाली म्हणे.

गडचिरोलीकडे

दुसऱ्या दिवशी वंदनाताई मला घेऊन निघाल्या. बसच्या गप्पा लिहीत नाही, कारण मी सगळा वेळ खिडकीतून वाघ शोधत होते. गडचिरोली सोडल्यावर रस्त्याकडेला साग आणि मोहाची झाडं, मधूनच कापणी झालेली धानाची शेतं, खळ्यावर धानाचे ढीग. आमच्याकडं शेत म्हणजे ऊस. उभा, दाट, पलीकडचं काही न दिसणारा. इथं शेत संपलं की जंगल, जंगल संपलं की शेत, आणि दोघांच्या मध्ये कुंपण कुठं दिसलं नाही.

वाटेत एका नाक्यावर बस थांबली. एक पोलीस दादा वर आले, पिशव्या बघू लागले. माझी पाळी यायच्या आत मी उभी राहिले आणि आधारच्या तिन्ही झेरॉक्स, रेशनकार्डाच्या तिन्ही झेरॉक्स त्यांच्या हातात दिल्या. ते म्हणाले, "बाई, कोणी मागितलं?" मग त्यांनी पिशवीत हात घातला आणि बाहेर काढली माझी प्लास्टिकची डबी: सहा लोखंडी सुया, आणि विणलेले अकरा कान.

त्यांनी एक कान वर धरून बघितला. अख्खी बस बघायला लागली.

"हत्तीचे आहेत," मी म्हटलं. आवाज माझा, पण चोराचा वाटला.

"बाकीचा हत्ती कुठी हाय?"

"तोच आणायला चाललेय."

ते एवढे हसले की दोन झेरॉक्स खाली पडल्या. उचलून दिल्या, आणि म्हणाले, "भेटला तं सांगजा."

सोमाबाईचं गाव

सोमाबाई साठीच्या पुढची, बारीक, ताठ. घरी ती आणि नवरा झुरूभाऊ. दोघं गोंड, आपसात गोंडी बोलायचे, माझ्याशी मराठी. "जोहार," सोमाबाई म्हणाली आणि माझ्या पिशवीकडं बघून वंदनाताईंना विचारलं, "ही राहाले आली का दुकान टाकाले?"

वंदनाताई एक रात्र राहून माजरीला परतल्या. मी राहिले.

घरामागच्या नाल्यात एक डोह होता. तिथं अंबाडीच्या पेंढ्या पाण्यात बुडवून वर दगड ठेवलेले. वास असा की मी पदर नाकाला लावला.

"खराब झालं का हो हे?"

"खराब नाई. आता तं चांगलं होऊन राह्यलं."

मग तिनं समजावलं, मी फार हुशार असल्यासारखं, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे. अंबाडीची झाडं भाताच्या बांधावर लावतात. फुलं-बोंडं काढून चटणी करायची, मग काड्या कापून पाण्यात कुजवायच्या. साल सैल झाली की ओढून काढायची, आपटून धुवायची, वाळवायची. तो वाख. लवकर काढलं तर साल सुटत नाही. उशीर झाला तर वाखातला जोर जातो. ह्या वाखाची सोमाबाई दरवर्षी बैलांची दावी वळायची. त्यातला उरलासुरला वाख मला देणार होती.

तोवर तिनं मागच्या वर्षीचा थोडा वाख शिकायला दिला. तो ओला करून पोटरीवर तळहातानं वळायचा. सोमाबाईच्या हाताखाली तो सापासारखा सरसर लांबत जायचा. माझ्या हाताखाली पोटरीवरचे केस उपटायचा. संध्याकाळपर्यंत माझी पोटरी लाल आणि दोरी वीतभर. त्या वीतभर दोरीनं मी हत्तीचा कान विणायला घेतला. प्लास्टिकची लोकर ताणली की ताणली जाते, म्हणून माझा हात वीस वर्षं घट्ट. त्यात मी काळजीत असले की आणखी घट्ट. आणि मी काळजीत नसते कधी?

सोमाबाईनं तो कान हातात घेतला, चुलीच्या दगडावर वाजवला. टक्‌ असा आवाज आला.

"हा कान हाय का खराटा?"

"जरा कडक झालाय."

"लेकराच्या तोंडात देशीन तं दात येतीन त्याले. पडून बी जातीन."

मला हसू आलं आणि रडूही. दाव्याला लागतो तो वाख कडकच. मऊ कसा करायचा हे तिला कधी लागलंच नव्हतं. बैल काही दावं चोखत नाही.

तीन दिवस

तिसऱ्या दिवशी सोमाबाईला बहिणीच्या गावी लग्नाला जायचं होतं. जाताना ती मला डोहावर घेऊन गेली. एक काडी मोडून दाखवली. "अशी मोडाची. साल एका ओढीत सुटली, का काढजो. परवा सकाळी सुटन. वाट नोको पाहू."

"आणि मला नाही कळलं तर?"

"कळते वं. आंधळ्यालेही कळते."

मग ती गेली, आणि घरात राहिलो मी आणि झुरूभाऊ. झुरूभाऊ दिवसभर धानाच्या खळ्यावर. दुपारी घरी येऊन भात, अंबाडीच्या बोंडांची आंबट चटणी, कोरा चहा. मी स्वयंपाक करीन म्हटलं तर म्हणाले, "तू पावनी हायेस." त्यांनीच रांधलं आणि मला आधी वाढलं. आमच्या गल्लीत एखाद्या पुरुषानं पाहुणीला रांधून वाढलं असतं तर त्याची आठवडाभर चर्चा झाली असती. इथं कुणी मान वळवून बघितलं नाही.

नाल्यावर जायची मला भीती वाटायची. पहिल्या दिवशी विचारलं, "भाऊ, इकडं वाघ आहे का?"

"हाय."

"मग?"

"मंग काय? त्याले त्याचे काम हायेत."

मी शिट्टी गळ्यात घालून गेले.

परवाची सकाळ उजाडली. मी डोहात उतरले, एक काडी मोडली, साल ओढली. अर्धी सुटली, अर्धी अडकली. दुसरी मोडली. पूर्ण सुटली. तिसरी अर्धी. आता काय? लवकर काढली तर सोमाबाईचं सगळं पीक माझ्यामुळं फुकट. एक दिवस थांबलं तर काय बिघडतंय, असं मी ठरवलं. खरं म्हणजे ठरवलं नाही. ठरवायचं पुढं ढकललं, त्यात माझा हात कुणी धरणार नाही.

दुपारी झुरूभाऊंना विचारलं, "काढू का?"

"वाख तिचा, धान माह्यं. तिनं सांगतलं तसं कर."

दुसऱ्या दिवशी साल सगळ्या काड्यांची सुटली. पण एवढी सहज सुटली की मला वाटलं, ही तर फारच सहज आली. आंधळ्याला कळतं ते हेच का? की अजून काही वेगळं असतं? सोमाबाई संध्याकाळी येणारच होती. तिच्या डोळ्यांनी बघितलेलं बरं. ती संध्याकाळी आली नाही, लग्नघरी एक दिवस जास्त राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी आली. अंगणात पाऊल ठेवलं आणि थांबली. नाक वर केलं.

"काढला नाई?"

ती तशीच, लग्नातलं लुगडं न बदलता, डोहात गेली. एक पेंढी उचलली. साल हातात घेतली, दोन बोटांत धरून ताणली. तुटली. दुसरी ताणली. तीही तुटली.

"गेला याचा जोर," ती म्हणाली. रागानं नाही, आमटीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं. "याचं दावं नाई होत आता. बइल एक झटका देईन अन् चालला जंगलात."

मी चिखलात बसले. पाया पडायला वाकले तर तोल गेला आणि कोपरापर्यंत त्या वासाच्या पाण्यात गेले. "मला माफ करा, मी वेडी आहे, मला दोन दिवस आधी कळलं होतं, पण..."

"उठ वं. कोल्लापूरच्या बाया अशाच असतेत का?"

"इचलकरंजीच्या."

"तिथल्या मंग," ती म्हणाली, आणि पेंढ्या धुवायला लागली. मी पण धुवायला लागले. टाकून द्यायचं तर धुवायचं कशाला, हे विचारायची माझी हिंमत नव्हती.

वाळल्यावर तिनं तो वाख माझ्या मांडीवर टाकला. "पाय, तुयं काय होते का याचं."

मी बोटांत घेतला. तो मऊ होता. मागच्या वर्षीच्या वाखासारखा टोचरा नाही. जुन्या धुतलेल्या लुगड्याच्या काठासारखा. जोर गेला होता, त्याबरोबर कडकपणाही गेला होता. एकटा वळला तर तुटायचा. उरलेल्या पांढऱ्या लडीतला कापसाचा एक पदर सोबत घेतला आणि दोन्ही मिळून पोटरीवर वळले. तुटला नाही. मऊ, आणि तरी अंगात थोडा ताठा. सोमाबाई शेजारी बसून बघत होती. मी विणायला लागले तसा तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. "ढिलं. कोणी हिसकून घेऊन नाई राह्यलं तुयाजवळून."

कान झाला. तिनं तो चुलीच्या दगडावर वाजवला. आवाज आला नाही. मग तिनं तो सरळ तोंडात घातला, दोन मिनिटं चघळला आणि काढून बघितला.

"लागते तं बरा."

बाजार

माझा प्रश्न सुटला, तिचा माझ्यामुळं उभा राहिला. बैल दोन, जुनी दावी विरलेली, नवा वाख माझ्या पिशवीत. आठवडी बाजाराला मी तिच्यासोबत गेले. अंबाडीचं तयार दावं मी घेऊन देणार, दुसरं काही ऐकणार नाही, असं बजावलं होतं. दोरीवाल्याला विचारलं तर तो हसला. "अंबाडीचं? ते तं ह्या बाया करतेत. आमच्याकडं हे भेटन." आणि त्यानं भेंडोळं पुढं टाकलं. नायलॉन. निळं, चकचकीत.

मी म्हटलं, "हे प्लास्टिक आहे, सोमाबाई."

"माहीत हाय."

"काडी लावली तर वितळतं."

"बइलाले कायले काडी लावतं तू?" तिनं दोरी ओढून बघितली, अंगठ्यानं घासली. "निळी चांगली हाय. शेताच्या धुऱ्यावरून दिसन."

ती खरंच खूश होती, हे मला सहन होईना. घरी आल्यावर, दोरी बैलाच्या मानेला घासते तेवढ्या भागाला मी उरलेल्या कापसाच्या सुताचं आवरण विणून दिलं. झुरूभाऊ गोठ्याच्या दाराशी उभे राहून बघत होते. "बइलाले टोपडं घालून राह्यली का?" ते म्हणाले. मी तिथं होते तेवढ्या दिवसांत त्यांनी केलेला हा एकच विनोद, आणि तो त्यांनी पुढच्या आळीतही जाऊन सांगितला.

निघताना सोमाबाईनं बोंडांची चटणी बांधून दिली. माझा सगळा चिवडा मी तिच्याकडं ठेवला. मी पुन्हा पुन्हा आभार मानायला लागले तेव्हा ती म्हणाली, "बस चालली जाईन." ती गेलीही. मग दुसरी येईपर्यंत आम्ही दोघी मोहाच्या झाडाखाली बसून राहिलो.

घरी

तेवढ्या वाखात नऊ हत्ती झाले. विणताना दहाही जणी भोवती बसल्या होत्या. सुशीला म्हणाली, वास जरा डोहाचा येतो. उन्हात तीन दिवस ठेवले, गेला. पहिला हत्ती मी बालवाडीच्या बाईंना वेळेत पाठवला. दहा-बारा दिवसांनी त्यांचा फोन आला. एका मुलानं त्याचा कान आठवडाभर चोखला होता. कान शाबूत, मुलगाही शाबूत. बाकीचे आठ पाठवा, उरलेले पुढच्या हंगामात चालतील, आणि प्रत्येकाच्या गळ्यात एक चिठ्ठी बांधा: हे बनवताना प्लास्टिक वापरलेले नाही.

आठ चिठ्ठ्या कापल्या. माझं अक्षर मोठं, वळणदार, सातवीच्या बाईंना आवडायचं. पण पहिल्याच चिठ्ठीवर पेन अडला. हत्तीत नव्हतं प्लास्टिक, खरं. पण हा हत्ती व्हावा म्हणून ते गडचिरोलीला दोन बैलांच्या गळ्यात गेलं होतं. बराच वेळ बसले आणि मग आठही चिठ्ठ्यांवर लिहिलं: "या हत्तीत प्लास्टिक नाही. याच्या वाट्याचं सोमाबाईच्या बैलांच्या गळ्यात आहे."

चार दिवसांनी फोन. मला वाटलं, झालं, आता सगळे हत्ती परत. बाई म्हणाल्या, "मावशी, चिठ्ठी मी मुलांना वाचून दाखवली. आता ती रोज विचारतात, बैलांची नावं काय?"

मी विचारलीच नव्हती. एवढे दिवस त्यांच्या शेजारी राहून. वंदनाताईंना कळवलं. त्या गडचिरोलीला गेल्या तेव्हा सोमाबाईला भेटल्या आणि तिथून मला फोन लावला. हत्तींची, चिठ्ठ्यांची, बालवाडीतल्या मुलांची सगळी हकिगत मी ओरडून सांगितली, कारण आवाज तुटत होता. बैलांच्या गळ्यातल्या प्लास्टिकचं ऐकून तिला वाईट वाटेल, असं मला वाटलं.

मग सोमाबाई म्हणाली, "एक लाल्या, एक मोऱ्या. सांग त्या पोरायले. अन् आयक. औंदा मी बांधावर अंबाडीच्या दोन ओळी जास्त लावतो. बइलाची ओळ मी काढीन, बरोबर दिवशी. हत्तीची काढाले तू ये. उशीर कराले तुयासारखं कोणी नाई इथी."